समस्त हौशी आईबाबांना अनावृत पत्र

रविवारी सकाळी दहाच्या आत मुलांना आंघोळ घालून, ठेवणीतले कपडे चढवून, संस्कृती दाखवायला बाहेर काढणाऱ्या मुंबई-पुण्याच्या तमाम आईबाबांस,

सा. न. वि. वि.

सर्वप्रथम आपले अभिनंदन. मॉलच्या प्ले झोनमध्ये पोराला सोडून फूड कोर्टात दोन तास निवांत बसायची सोय हाताशी असताना आपण संग्रहालय निवडता, बालनाट्याची तिकिटं काढता, वारलीच्या कार्यशाळेत नाव नोंदवता. त्याग मोठा आहे. तो चार लोकांना कळावा म्हणून आपण त्याची रील करता, तेही रास्तच. पत्रास कारण की, इतकी दक्षता घेऊनही काही मुलं आपली नजर चुकवून खरोखरच काहीतरी बघतात, असं आढळून आलं आहे. हा प्रकार वाढू नये म्हणून अनुभवाचे चार बोल.

सुरुवात कपड्यांपासून करावी. सध्या खणाची चलती आहे, ती सोडू नये. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं हे कापड पूर्वी बायकांच्या चोळीला लागायचं. घाम, धुणं, चुलीपुढची धग असं सगळं सोसून वर वर्षानुवर्षं टिकायचं. आता त्याचा फ्रॉक होतो, केसांचा बो होतो, पर्स होते, बाबांचं जाकीटही होतं. आईची साडी, ताईचा परकर आणि तान्ह्याचं टोपडं एकाच ताग्यातलं असलं, की गर्दीत कुटुंब हरवत नाही, हा फायदा आहेच. कापड देखणं आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्याचं खरं सामर्थ्य किमतीत आहे. एवढे पैसे मोजल्यावर ‘खाली बसू नकोस, मळेल’ हे वाक्य आपसूक तोंडी येतं. आणि पाच वर्षांच्या पोराला फरशीवर फतकल मारू दिली नाही, की संग्रहालयाच्या कपाटातला तळाचा कप्पा त्याला दिसत नाही. निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं निम्मं कोल्हापुरी चपलेनं करावं. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तशाच चपला कोल्हापूरचं नावही न घेता मिरवल्या, तेव्हा आपण सगळे किती तावातावाने बोललो होतो! तेव्हा अस्मितेसाठी ती पोराच्या पायात हवीच. फक्त तेल लावून, आठवडाभर घरात वापरून तिला मऊ करायचा जुना उद्योग करत बसू नये. नवी कोरीच घालावी. ती चावते. अंगठ्याजवळ फोड आला, की पोर चोल राजांच्या नटराजासमोर उभं राहूनही फक्त आपला पाय बघतं.

आता स्थळ. काळा घोडा महोत्सवाला आपण जालच, कारण तिथे सगळेच जातात. तिथे एखादं आगाऊ पोर विचारतं, ‘घोडा कुठंय?’ अशा वेळी २०१७ साली बसवलेल्या घोड्यापुढे त्याला उभं करावं, फोटो काढावा आणि पुढे सरकावं. घोड्याच्या पाठीवर कुणी का बसलेलं नाही, हा प्रश्न त्याला सुचण्याच्या आत कुल्फी घेऊन द्यावी. कारण एकदा का आपण खरं सांगून बसलात, की प्रकरण हाताबाहेर जातं.

खरं असं आहे, की ज्या घोड्यावरून त्या भागाला नाव पडलं, त्यावर इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड बसलेला होता. १९६५ साली स्वारासकट तो पुतळा तिथून हलला आणि भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. नाव मागे राहिलं, घोडा गेला. हे ऐकलेलं मूल साहजिकच म्हणतं, ‘मग आपण तिकडे जाऊ या.’ आणि तिकडे गेलात तर शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, आणि त्याच्या आवारात दगडी हत्ती. हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा त्यांना तो दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. पुढे १८६४च्या सुमारास इंग्रजांना तो विलायतेला न्यायचा होता. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. तुकड्यांना विलायत घडली नाही, भायखळा घडला. १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

म्हणजे एलिफंटाचा हत्ती एलिफंटावर नाही, काळ्या घोड्याचा घोडा काळ्या घोड्याला नाही, आणि दोघं हाकेच्या अंतरावर भायखळ्यात. ही बातमी सात वर्षांच्या मुलाला कळू देणं किती धोक्याचं आहे, याची आपल्याला कल्पना असेलच. कोणी पाडला? त्याला शिक्षा झाली का? जोड कुठे दिसतो? मग आता बेटाचं नाव बदलायला नको का? परतीच्या लोकलमध्ये भायखळा ते ठाणे हेच चालतं, आणि आपल्याला फोटोंना फिल्टर लावायलाही वेळ मिळत नाही. यात ना किट असतं, ना प्रमाणपत्र, ना ‘गुडी बॅग’. तेव्हा हत्तीकडे पाठ करून थेट राणीच्या बागेतल्या पेंग्विनकडे जावं.

संग्रहालयाच्या आत शिरावंच लागलं, तर मी सुचवीन ते लेबलवाचन. १८७२ साली लोकांना खुल्या झालेल्या या संग्रहालयात जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यांच्या पगड्या आहेत, त्यांचे धंदे आहेत. मूल तिथे नाक काचेला लावून थांबतं. त्याला थांबू देऊ नये. खड्या आवाजात पाटी वाचावी, मग ‘बघ, किती सुंदर!’ म्हणावं आणि दंड धरून पुढच्या कपाटाकडे न्यावं.

पुण्यात ही कसरत आणखी अवघड आहे, हे मान्य करते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात साऱ्या वस्तू घरातल्याच: दिवे, दौती, कुलपं, अडकित्ते, टाच घासायच्या वज्र्या. एका माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकल्या. एक कुलूप उघडतं कसं, यावर मुलं अर्धा तास घालवू शकतात आणि आपली पुढची बुकिंग बुडवतात. शिवाय संग्रहालयाला नाव दिलं आहे ते केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. हे चुकूनही सांगू नये. मूल गप्प होतं, आणि गप्प मूल फोटोत चांगलं येत नाही.

कार्यशाळांबद्दल मात्र मी निश्चिंत आहे. तिथे कुणी काही बघण्याची शक्यताच नाही. वारली चित्र म्हणजे लग्नघरच्या भिंतीवर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने मांडलेला चौक. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हीच कला कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दीड तासाच्या वातानुकूलित वर्गात यातलं काही येत नाही. कापडी पिशवी येते, तिच्यावर आधीच छापलेलं तारपा नाचाचं वर्तुळ येतं आणि मुलाने रेघेबाहेर न जाता ते गिरवायचं असतं. बाहेर गेलंच, तर आई सुधारून देते. उत्तम व्यवस्था आहे.

बालनाट्यात मात्र सावध! १९५९ साली सुधाताई करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ काढलं आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’पासून आपल्याकडे मुलांना रंगमंचाची चटक लागली, ती अजून उतरत नाही. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आली, की पोरं खुर्चीवर उभी राहतात, किंचाळतात, अलबत्याला ओरडून सावध करतात. घाबरलेल्या पोराला लगेच कानात सांगावं, ‘अरे, तो काका आहे, मेकअप केलाय.’ भीतीचा आणि पैशांचा, दोन्हींचा निकाल लागतो. तोवर मोबाइल उजेडासकट वर धरावा. मागच्या रांगेतल्या मुलांना चेटकिणीऐवजी चेटकिणीचं चित्रण दिसतं. मध्यंतरात बटाटेवडा. तो मूल मनापासून खातं, त्याला इलाज नाही.

दिवाळीच्या किल्ल्याचा प्रश्न आपण परस्पर सोडवलात, त्याबद्दल वेगळे आभार. सोसायटीत पेव्हर ब्लॉक बसवून मातीच संपवली, आणि बाजारातून प्लास्टरचा तयार रायगड आणला. पोतं भिजवणं, चिखल कालवणं, हळीव पेरून ते उगवायची वाट बघणं, शेजारच्या पोराचा मावळा पळवणं, मार खाणं यातलं काहीच उरलं नाही. वर बाल्कनीत ठेवलेला हा किल्ला पुढच्या वर्षीही चालतो.

असो. एवढं करूनही आपलं मूल त्या दगडी हत्तीपाशी बसलंच, खणासकट जमिनीवर बसलं आणि जोड शोधू लागलं, तर माझी एकच विनंती आहे. फोन खिशात ठेवा आणि त्याला विचारा, सापडला का?

कळावे, लोभ असावा.

आपली,
संग्रहालयाच्या बाकावर पर्सा आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसलेली एक आजी

ता. क. : भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी बंद असतं. रविवारी गर्दी फार. शाळेला दांडी मारायची झाली, तर मंगळवार बरा.