आप्पांचा नेम

कोकणात परसात माकडं उतरली की आमचे आप्पा बेचकी काढतात. पेरूच्या फांदीचा दुबेळका, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, मधे जुन्या चपलेचं चामडं. चार्ल्स गुडइयरने १८४४ साली टिकाऊ रबराचं पेटंट घेतलं, ते बहुधा आप्पांनी शेजारच्यांची कौलं फोडावीत म्हणूनच. पूर्वी गोफण होती. तिला निदान मोकळं शेत लागायचं.

सरावासाठी कुंपणावर रिकामा डबा ठेवलाय. गेले तीन महिने डबा शाबूत आहे. शेजारच्यांची सात कौलं, आमची न्हाणीघराची काच आणि पोस्टमनची टोपी मात्र कामी आली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला आप्पांची काळजी नसावी. त्यांच्यामुळे एकही वन्यजीव जखमी झालेला नाही.

गंमत म्हणजे आप्पांनी खडा न लावता नुसतं रबर ताणलं, तरी माकडं पसार होतात. म्हणून काकूंनी परवा खड्यांचा डबा लपवला. आप्पा सबंध दुपार रिकामी बेचकी ताणून उभे. टोळी शेजारच्या फणसावर गेली, आणि शेजारचे नाना आता बेचकीसाठी आमच्याच पेरूची फांदी मागताहेत.