सोडलेला कागद

अण्णांचा मूड गेला, त्याला या श्रावणात तीन वर्षं होतील. 'गेला' हा शब्द त्यांच्या घरी जवळचं माणूस गेल्यासारखा उच्चारतात. भेटायला जावं तर वहिनी दारातच हलक्या आवाजात सांगतात, "आत बसलेत. अजून सुचत नाहीये काही." मग आपणही चपला जपून काढतो.

रविवारी सकाळी घडीचं स्टूल, पाण्याचे दोन डबे आणि कापडी टोपी घेऊन शनिवारवाड्यासमोर किंवा थेट वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी मंडळी बसलेली दिसतात, त्यांतले अण्णा एक. नाना फडणवीसांचा तो घाट पुण्याच्या हौशी जलरंगवाल्यांनी इतका रंगवलाय की ही टोळी दिसली की पायऱ्या आपणहून पोझ घेत असाव्यात. शाळेत अण्णांना इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती. पन्नास वर्षं झाली, पाहुण्यांना ती अजून चहाबरोबर मिळते.

नोकरी बँकेतली. तेव्हा चलनाच्या पाठीवर बॉलपेनने रांगेतली गिऱ्हाइकं काढायचे, मॅनेजरचं नाक आठवड्यातून दोनदा. निवृत्तीच्या समारंभात म्हणाले, "आता फक्त चित्रं!" त्याच महिन्यात हात आखडला.

हात आखडला की माणूस सामान घेतो. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांना अण्णांचा मूड कधीच परत येऊ नये असं वाटत असेल, तर त्यात नवल नाही. आधी ब्रश बदलले. सेबलच्या केसांचा बारा नंबर आला. तरी सुचेना, म्हणजे दोष रंगात. मग ट्यूबा आल्या. एकट्या निळ्याच्या सात. त्यातूनही काही होईना, तेव्हा कागद आला : ३०० जीएसएम, शंभर टक्के कापसाचा, १४९२ सालापासून चालत आलेल्या फ्रेंच गिरणीतला. कोलंबस त्याच साली निघाला आणि त्याच साली पोचलाही. अण्णांचा ब्रश अजून त्या कागदाला पोचलेला नाही. कारण उघड आहे. एवढ्या महागाच्या कागदावर चूक करायची छाती कुणाची? वहिनींनी एकदा त्याचा एक कोपरा फाडून दूधवाल्याचा हिशेब लिहिला. तीन वर्षांत त्या कागदावर झालेलं तेवढंच काम.

जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, तिथला कागद मोकळा सोडतात. हे तंत्र अण्णांनी मला अनेकदा समजावलंय. आता अख्खा कागदच सोडलाय, एवढाच फरक.

चित्र नाही म्हणून अण्णा रिकामे आहेत असं मात्र समजू नका. चित्र काढत होते तेव्हा दोन तासांत मोकळे व्हायचे. न काढायला मात्र दिवस पुरत नाही. उजेड पाहायचा, उत्तरेची खिडकी नाही म्हणून बिल्डरला शिव्या द्यायच्या, बालगंधर्वच्या कलादालनात जाऊन दुसऱ्याच्या चित्रासमोर "वॉश मळलाय" असं पुटपुटायचं. एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी राहून तेच तळं वर्षानुवर्षं रंगवत राहिले. तुम्ही खिडकीतली पाण्याची टाकी तरी..." अण्णा शांतपणे म्हणाले, "त्यांना तळं होतं." यावर काय बोलणार!

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. सर्व्हर बंद. 'बसा' म्हणाले, बसले. दीड तासाने मी शोधत गेलो, तर अण्णा काउंटरवर वाकलेले. पैसे काढायच्या स्लिपांच्या पाठीवर, दोरीने बांधलेल्या बँकेच्या पेनने रांग उतरत होती : पासबुकाने वारा घेणाऱ्या आजी, डुलक्या घेणारा शिपाई, डोक्याला हात लावून बसलेला कॅशियर. दोरी आखूड, म्हणून डावीकडचे आजोबा अर्धेच राहिले होते. अकरा स्लिपा भरल्या होत्या. मी बोललो नाही. कुणी "चित्र काढताय?" असं विचारलं असतं, तर तिथल्या तिथे मूड गेला असता.

संध्याकाळी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. टेबलावर स्लिपा मांडलेल्या, वहिनींचा चेहरा खुललेला. अण्णा मात्र घरात नव्हते.

"अप्पा बळवंत चौकात गेलेत," वहिनी म्हणाल्या. "दोरीचं पेन मिळतं का, बघायला."