नाक कापलेलं विमान

नागपुरातला निवृत्त माणूस ओळखायला सोपा असतो. सकाळी तो अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावावर फिरायला जातो, परतताना तर्री-पोहे खाऊन फिरण्याचा हिशेब चुकता करतो आणि उरलेला दिवस मिहान प्रकल्पाचं नेमकं कुठे चुकलं ते सांगण्यात घालवतो. यात न बसणारा एक वाण आहे. तो फिरायला जात नाही, कारण त्याची लांबी वाळायची असते. लांबी म्हणजे रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात तीच. हा गृहस्थ ती विमानाच्या भेगांत भरतो. लेआउटमध्ये याला मॉडेलकाका म्हणतात.

प्लॅस्टिकच्या विमानांचे संच जोडतात म्हटलं की लोक पटकन म्हणतात, "अरे वा, नातवाला छान विरंगुळा!" इथेच ठिणगी पडते. नातवाला त्या खोलीत बंदी आहे. शिवाय खोक्यावर जे चित्र तेच विमान आतून निघालं, तर त्यात काकांचं कर्तृत्व काय? खरा मॉडेलकाका खोक्यात नसलेलं विमान बनवतो.

आमच्या लेआउटमधले काका बँकेतून निवृत्त झाले आणि सध्या शॉर्ट संडरलँडचं नाक कापून राहिले आहेत. संडरलँड ही दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश फ्लाइंग बोट. पाण्यावरूनच उडायची, पाण्यावरच उतरायची. नाकात मशिनगन, शेपटीत मशिनगन. एअरफिक्सने १९५९ साली तिचा एकास बहात्तर मापाचा संच काढला. पण काकांना लढाईत रस नाही. त्यांना हवी आहे तिची थोरली बहीण, इम्पिरियल एअरवेजची प्रवासी 'एम्पायर' बोट. कंपनीने या बोटी नमुना उडवून न बघता, कागदावरच्या चित्रांवरून २८ मागवल्या. पहिली, कॅनोपस, जुलै १९३६ मध्ये उडाली. ९२० अश्वशक्तीची चार इंजिनं, दोन मजले. वर वैमानिक आणि टपाल, खाली २४ उतारू. विडीकाडीचं दालन वेगळं, खानपानाची सोय वेगळी, आणि एका दालनात तर खिडकीला चक्क कठडा.

"कठड्याला टेकून उभं राहायचं आणि खाली नाईल बघायची, बोला!" काका सांगतात. काकूंना अशा वेळी हमखास आठवतं की आपल्याला अजून पुण्यालासुद्धा विमानाने नेलेलं नाही.

या बोटी साउदॅम्प्टनहून निघत. भूमध्य समुद्र, इजिप्त, इराक, आखात असं करत कराची, तिथून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता आणि पुढे सिंगापूर. यातलं ग्वाल्हेर आलं की काकांचा आवाज चढतो. शिंद्यांच्या माधवसागरावर विमान उतरतं आणि भोसल्यांच्या नागपुरात नाही, ही गोष्ट त्यांना अजून पचलेली नाही. "फुटाळा कुणी बांधला? भोसल्यांनी. अंबाझरी १८७० ची. पाणी होतं ना आमच्याकडे!" मी एकदा नकाशा उघडून दाखवला की नागपूर कराची-कलकत्ता रेषेच्या बरंच खाली राहतं. काकांनी नकाशाकडे बघितलंही नाही. "झिरो माइलचा दगड कुठे आहे?" एवढंच विचारलं. या प्रश्नापुढे नागपुरात कुठलाच वाद टिकत नाही.

तशी नागपूरची भरपाई झाली आहे. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही दिशांची टपालविमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत जात. आख्ख्या देशाची पत्रं रात्री नागपुरात भेटत होती! हे सांगितलं की काका जरा निवळतात. मग म्हणतात, "पण ती चाकांची विमानं होती."

आता मुख्य काम. संडरलँडवरून एम्पायर करायची म्हणजे नाक कापायचं, शेपटी कापायची, पंखांखाली दोन्ही बाजूंना असलेले बॉम्बचे दरवाजे बुजवायचे आणि खिडक्या नव्याने कोरायच्या. इथवर कुणीही समजू शकतं. पण संडरलँडच्या शेपटीत बंदुकीचं वजन आल्यामुळे तोल मागे गेला होता, म्हणून कारखान्याने तिचे पंख सव्वाचार अंश मागे वळवले होते. एम्पायरचे पंख तसे नाहीत. म्हणजे पंख मुळातून कापून सरळ करणं आलं. शिवाय खरी एम्पायर ११४ फूट रुंद, संडरलँड जेमतेम सव्वा फुटाने कमी. बहात्तरने भागलं की हा फरक उरतो पाच मिलिमीटर. या पाच मिलिमीटरसाठी काकांनी एक आख्खा पावसाळा घालवला. त्यांच्या आधार कार्डावर आणि पॅन कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे, ते मात्र तसंच आहे. "तो फरक काय, चालून जातो," असं ते म्हणतात.

मी एक सोपा मार्ग सुचवला होता. युद्ध संपल्यावर खुद्द शॉर्ट कंपनीनेच संडरलँडच्या बंदुका काढल्या, नाक-शेपटी गोल केली, खुर्च्या बसवल्या आणि त्यांना सँडरिंगहॅम असं नाव दिलं. पहिलीचं नाव तर चक्क 'हिमालय'. म्हणजे कारखान्यानेच नाक कापून ठेवलं आहे, तेवढं केलं तर दिवाळीपर्यंत मोकळे. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सावजीत जाऊन मी बिनतिखटाचा रस्सा मागितला. "ते तर रेडिमेड झालं," ते म्हणाले.

सामानासाठी काका गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जातात. मी सोबत होतो तेव्हाचा संवाद असा:

"कोणती गाडी हाय काकाजी?"

"एम्पायर."

"नवीन आली का बापा?"

"१९३६ ची."

"मंग तिचा कलर कुठून भेटन?"

रंग चांदीचा. मॉडेलकाकाच्या आयुष्यात चांदीच्या रंगाएवढा चुगलखोर दुसरा कुणी नसतो. लांबी भरा, वॉटर पेपरने पाण्यात घासा, प्रायमर मारा, बोट फिरवून बघा, सगळं गुळगुळीत. वर चांदीचा हात पडला की कापलेल्या नाकाची रेघ पुन्हा हजर. मग परत लांबी. काकांच्या बोटीला इतकी लांबी लागली आहे की आता ती प्लॅस्टिकची म्हणवत नाही.

त्यात मे महिना. खसाच्या कूलरची हवा ओल्या चांदीवर काड्या आणून चिकटवते, म्हणून रंगाच्या दिवशी कूलर बंद. बाहेर पंचेचाळीस अंश असताना नागपुरात कूलर बंद करायला लावणारा नवरा, माझ्या मते, कोर्टात उभा करण्याच्या लायकीचा आहे. काकू फक्त एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमच्या विमानात चोवीस खुर्च्या आहेत ना? मला एकीवर बसवा आणि द्या पाठवून." काकांनी ते अजिबात वावगं मानलं नाही. रात्रीच्या मांडणीत सोळाच उतारू झोपू शकतात, अशी दुरुस्ती मात्र केली.

डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर सीप्लेनची चाचणी झाली. केंद्रीय मंत्री गडकरी तिथे हजर होते. आपल्या खासदाराने विमान पाण्यावर उतरवलं, आता अंबाझरी दूर नाही, म्हणून लेआउटमधल्या लोकांनी काकांचं अभिनंदन केलं. काका खवळले. "ते कोडियाक आहे. साध्या विमानाला खाली दोन होड्या बांधल्या आहेत. फ्लाइंग बोटीचं पोटच होडी असतं!" लोकांनी मान डोलावली आणि तर्री मागवली.

या सगळ्याचं शेवटी होणार काय, असं लोक मला विचारतात. होणार काय, कपाटावर संत्रा बर्फीच्या डब्यांमागे आणखी दोन न उघडलेले संच आहेत. माझं मत विचाराल तर हा माणूस उपद्रवी नाही. एक बंदुकांचं विमान घेऊन तो त्यात माणसं बसवायला निघाला आहे, आणि ते बरोबर झालं की नाही हे तपासू शकणारं सोनेगावपासून सीताबर्डीपर्यंत कुणीही नसताना तो पाच मिलिमीटरला चिकटून आहे. आपल्याकडे उड्डाणपुलाच्या कामात एवढी काटेकोर माणसं लागली असती, तर फार बरं झालं असतं.

पाण्याच्या रेषेखालचा काळा रंग अजून बाकी आहे आणि खिडक्यांची पारदर्शक शीट मिळत नाही. तेव्हा तुमचं कुणी येत्या दिवाळीत लंडनहून येणार असेल, तर कृपया कळवा. बॅगेत चपलेच्या खोक्याएवढी जागा पुरते, आणि बदल्यात काका बर्फीचा भरलेला डबा देतात. फक्त डबा परत करावा लागतो, त्यांना सुटे भाग ठेवायला हवा असतो.