पाणंद ते दाजीपूर

शेतीकाम आणि शिकार एकाच वाहनाने उरकण्याची कल्पना मोटारीच्या आधीची आहे. पाळीव चित्त्याकडून काळवीट धरण्याची शिकार कोल्हापूर संस्थानात मोठ्या हौसेने चाले. तिची हिंदुस्थानातली जुनी रीत अशी: चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याला साध्या बैलगाडीवर बसवायचे आणि गाडी माळावर रमतगमत हाकत न्यायची. रोज शेतातून ये-जा करणाऱ्या बैलगाडीला काळविटे बुजत नसत. गाडी बेताच्या अंतरावर गेली की टोपी उतरवायची. पुढचे पळणे चित्त्याचे असल्याने गाडीच्या वेगाची, ॲव्हरेजची वा हप्त्याची चौकशी कोणी करीत नसे. वाहनाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते वैरणीच्या गाडीसारखे दिसे. कोल्हापुरात पुढे या कामाला घोडागाड्या आल्या, नंतर मोटारी आल्या, आणि 1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. संस्थानची मेबॅक मोटार आता दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा तिला पाहून ‘असली एक पाहिजे राव’ म्हणणारे हजारभर तरी निघतात. त्यांतले काही जयसिंगपूरचे असतात.

जयसिंगपूर हे गाव शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवले. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, गल्ल्यांना क्रमांक. अशा गावात कोणतीही गाडी चांगली चालते. म्हणून गावातल्या फेरीवरून गाडीबद्दल मत बनवू नये, हा निवडीचा पहिला नियम. दुसरा नियम वेळेचा. दिवाळीच्या आगेमागे विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, दराचा आकडा ठरवून माणसे घरी जातात आणि त्याच रात्री घरोघरी गाडीचा विषय निघतो. ऊस घातल्यावर 14 दिवसांत एफआरपीची, म्हणजे उसाच्या किमान दराची, रक्कम कारखान्याने द्यावी असा नियम आहे. गाडीचा रंग मात्र ऊस तुटण्याआधीच ठरलेला असतो.

खरेदीला किमान चौघे निघतात. एक खरेदीदार, ज्याचे पैसे. दुसरे दाजी, ज्यांचे मत. तिसरा मिस्त्री, ज्याचा कान. चौथा पाव्हणा. तो का आला आहे हे कोणी विचारीत नाही, पण पुढची सीट त्यालाच द्यावी लागते. शिकारीचा विषय काढतो तोही हाच. ‘गाडी अशी घ्या, रात्री-अपरात्री डुकराच्या मागं सोडली तर थांबली न्हाई पायजे,’ एवढे तो उदगावच्या आत बोलून टाकतो.

उदगाव ओलांडून अंकलीच्या पुलावरून कृष्णा पार केली की सांगली येते. ती जुन्या गाड्यांसाठी. येथे एमएच 09 ची मंडळी एमएच 10 ची गाडी बघतात, आणि नेमक्या त्याच वेळी सांगलीकर कोल्हापुरात एमएच 09 ची बघत असतात. आपल्या गावाबाहेरची गाडी कमी चाललेली असते, ही श्रद्धा दोन्हीकडे सारखी पक्की. जुन्या गाडीची पाहणी ठरलेल्या क्रमाने होते. खरेदीदार टायरला लाथ मारतो. दाजी दार दोनदा उघडून दोनदा लावतात. मिस्त्री चटई उचलून तळाचा पत्रा पाहतो. यांतले शेवटचे तेवढे उपयोगाचे. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेचा पूर ज्या मुलखात घरांत शिरला, तिथे जुनी गाडी पाण्यात उभी राहिली होती का, हे आधी पाहावे लागते. चटईखालचा वाळलेला गाळ, सीटच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज आणि हेडलाइटच्या काचेआतली पाण्याची रेघ या तीन खुणा. मालकाची शपथ ही खूण धरत नाहीत.

नव्या गाडीसाठी उलट दिशेला, हातकणंगल्यावरून कोल्हापूरला जायचे. अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, पण वाटेत प्रत्येक पुढच्या गाडीवर चर्चा होत असल्याने ते लांबते. जीपबद्दल बोलताना दाजींचा आवाज आपोआप खाली येतो. विलीज जीप दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आली. मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केल्यावर ती लष्करातून शेतात उतरली. पुढे कमांडर, मार्शल, 2000 साली बोलेरो. मारुतीची जिप्सी 1985 साली आली आणि जंगलखात्यापासून रॅलीपर्यंत सगळीकडे फिरली. पुण्याची ट्रॅक्स वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागली. तिच्यात किती माणसे मावतात याचे अंतिम उत्तर अजून कोणी दिलेले नाही. प्रत्येक घरात यांतल्या एखाद्या गाडीची एक कथा असते, आणि दर सांगण्याला कथेतल्या ओढ्याचे पाणी वीतभर चढते.

शोरूममध्ये सगळ्यांत गर्दी थारभोवती. जमिनीपासून उंची 226 मिलिमीटर, चारही चाकांना जोर, शिवाय ‘लो’चा वेगळा दांडा. पाव्हणा लगेच आत बसतो आणि पंधरा मिनिटे उतरत नाही. मिस्त्री मागे जाऊन डिकी उघडतो, हाताने माप घेतो आणि विचारतो, ‘वैरण कुठं टाकायची?’ विक्रेत्याकडे या प्रश्नाचे छापील उत्तर नसते. मग दाजी छोट्या हत्तीकडे वळतात. 2005 साली टाटांनी आणलेल्या या एस गाडीने गल्लीबोळांतली मालवाहतूक बदलून टाकली. पण तिचे मूळ माप पाऊण टनाचे. युरियाचे पोते 45 किलोचे. सोसायटीतून वीस पोती उचलली की 900 किलो झाले, ड्रायव्हर आणि पाव्हणा वेगळे. हिशेब बोटांवर होतो आणि मंडळी पुढे सरकतात, ती बोलेरोच्या पिकअपपाशी थांबतात. हिचे माप सव्वा टनाच्या पुढे, मागे पाट्यांचे सस्पेन्शन, सोय बेताची. खरेदीदाराच्या चेहऱ्यावर या क्षणी जे दुःख दिसते ते लग्नाच्या बोलणीत हुशार पण साध्या स्थळाचा फोटो पाहणाऱ्याचे असते.

भरवसा कशाला म्हणायचा, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा पिताना ठरते. कारंज्यासारखे तेल उडवणाऱ्या लेथशेजारी बसून मिस्त्री एकच कसोटी सांगतो: ‘क्लच प्लेट कुरुंदवाडात मिळती का?’ हंगामात ट्रॉल्यांची रांग कारखान्याच्या गेटावर असताना जी गाडी सुट्या भागासाठी पुण्याची वाट पाहत चार दिवस उभी राहते, तिचा ब्रोशर कितीही चकचकीत असो, ती शेतीला कामाची नाही. ही कसोटी दाजींना पटते, कारण तीत फोर बाय फोरचा उल्लेख नाही आणि त्यांना तो दांडा कधी वापरायचा हे माहीत नसते.

चाचणी शिरोळ तालुक्यातच घ्यावी, आणि पाणंदीत घ्यावी. शिरोळवरून नृसिंहवाडी, तिथून कुरुंदवाड, पुढे खिद्रापूरपर्यंत डांबरी रस्त्याने सगळे सुखाचे आहे. कोपेश्वराच्या मंदिरात स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताखाली उभे राहून आकाश पाहावे, गाडीबद्दल तिथे काही कळत नाही. खरी परीक्षा उसाच्या दोन फडांमधल्या वाटेत. ओली काळी माती टायरच्या नक्षीत भरली की नवा टायर दहा पावलांत गुळगुळीत होतो. रिकाम्या पिकअपचा जोर मागच्या चाकांवर आणि वजन पुढे इंजिनावर, त्यामुळे ती मागून नाचते. हौद्यात खताची चार पोती टाकली की शहाणी होते. फोर बाय फोर गाडी याच वाटेत पिकअपपेक्षा शंभर पावले आत जाते आणि तिथे बसते. शंभर पावले जास्त म्हणजे ट्रॅक्टरवाल्याची साखळी शंभर पावले तोकडी. ट्रॅक्टरवाला येतो, साखळी लावण्याआधी गाडीला एक फेरी मारतो आणि किंमत विचारतो. किंमत ऐकून तो काही बोलत नाही. सबंध चाचणीतला सर्वांत नेमका शेरा हाच.

परत येताना वाडीत दत्ताचे दर्शन, कवठाची बर्फी आणि कृष्णाकाठची वांगी. वांग्यांची करंडी पिकअपच्या हौद्यात सहज बसते, हा मुद्दा मिस्त्री नोंदवून ठेवतो.

शिकार राहिली. शिरोळचा मुलूख सपाट, पाण्याचा, उसाचा, जंगल पश्चिमेला. म्हणून पाव्हण्याच्या आग्रहाखातर फुलेवाडी नाका, भोगावती, राधानगरी असे करीत दाजीपूरला जावे लागते. जयसिंगपुरातून सुमारे 120 किलोमीटर, वाटेत मिसळ. हे एके काळी छत्रपतींच्या शिकारीचे रान. 1958 साली गव्यांसाठी ते अभयारण्य झाले, 1985 साली वाढवले गेले आणि आज त्याचे क्षेत्र 351 चौरस किलोमीटर आहे. नाक्यावरचा वनरक्षक नम्रपणे जे समजावतो त्याने गाडीतली बडबड थांबते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नाही. जनावर हाकणे, त्याच्यामागे लागणे, फास लावणे, आमिष ठेवणे आणि यांतले काही करण्याचा नुसता प्रयत्नही त्यात येतो. अशा कामात वापरलेले आणि जप्त झालेले वाहन सरकारची मालमत्ता होते. म्हणजे शिकारीसाठी गाडी निवडायचीच, तर ती वनखात्याला आवडेल अशी निवडावी.

उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या डुकराला मारण्याची वाट कायद्यात आहे, पण ती अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीतून जाते. अर्ज, पंचनामा, परवाना असलेली बंदूक, झालेल्या प्रकाराची खबर. या सगळ्यासाठी चारचाकीपेक्षा झेरॉक्सचे दुकान जवळ असावे. पिकाची नुकसानभरपाई मागायची तर तिचेही कागद वेगळे. पाव्हणा हे ऐकून घेतो आणि परतीच्या वाटेवर झोपतो. झुडपाआड गवा उभा दिसतो तो बाकीच्या तिघांना. गाडी थांबते, इंजिन बंद होते. गवा मान वळवून पाहतो आणि चरायला लागतो.

शेवटी पिकअप घेतली जाते. नोंदणी मालवाहू म्हणून होते. पिवळी पाटी, काळी अक्षरे. पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरसाल. दर्शनी काचेवर कुलदैवत आणि हौद्याच्या मागे मुलांची नावे येतात. एक अट विमावाला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण जयसिंगपुरात ती ऐकली जात नाही: हौद्यात माणसे बसवायची नाहीत. केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी जागा एकाची. ती मिस्त्रीला मिळते. दाजी मोटारसायकलवरून मागून येतात, आणि पाव्हण्याला एसटीने पाठवले जाते.