अण्णा सध्या कुठं आहेत?

चेलाडी फाट्यावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि कानाला मोबाईल असा माणूस दिसला की ते अण्णा. 'अण्णा कुठं असतात?' असं भोर-वेल्ह्यात कुणी विचारत नाही. 'अण्णा सध्या कुठं आहेत?' असं विचारतात आणि त्याचा अर्थ पक्ष.

अण्णांच्या वडिलांनी बैलजोडीवर शिक्का मारला, मग गायवासरावर, मग पंजावर. तेव्हा चिन्हं पक्ष बदलायचा, माणूस तिथंच असायचा. अण्णांनी हे ओझं पक्षावर ठेवलं नाही. १९९९ साली राष्ट्रवादी निघाली, काशिनाथ खुटवडांनी अनंतराव थोपट्यांना पाडलं, त्या रात्री अण्णांनी पहिली उडी मारली. पुढं सवय झाली. घरी पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून सगळी उपरणी ठेवलीत. तळाशी एका अपक्षाचंही आहे. वहिनींनी एकदा त्याचं पोतेरं करायला घेतलं, तर अण्णा कळवळले. "अगं, उद्या तो उभा राह्यला म्हंजे?"

नोव्हेंबर २०२४ मध्ये सकाळी मोजणीला ते पंजाबरोबर गेले आणि संध्याकाळी शंकर मांडेकरांच्या गुलालात, घड्याळाखाली, सापडले. इथवर ठीक होतं. पण २०२५च्या एप्रिलात पंजावर पडलेले संग्राम थोपटे भाजपमध्ये गेले. पडलेलेही सत्तेत, निवडून आलेलेही सत्तेत. अण्णांना उडी मारायला पलीकडचा काठच उरेना. त्यात तालुक्याचं नावही वेल्ह्याचं राजगड झालेलं. म्हणाले, "चला, कुणीतरी बदललं!" आणि लेटरहेड नव्यानं छापून घेतलं.

त्याच दिवसांत त्यांचा न्यू जर्सीचा भाचा सुट्टीला आला होता. तिकडं मुख्य पक्ष दोनच, हे ऐकून अण्णांना अमेरिकेची कीव आली. "दोनच? मग मान्सानं जायचं कुठं?" भाच्यानं लिंकनचं सांगितलं. गुलामी मोडणारा म्हणून काळ्या मतदारांनी लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी पिढ्यान्‌पिढ्या इमान राखलं, आणि १९३६ साली रूझवेल्टच्या वेळी त्यातले बहुतेक डेमोक्रॅटांकडे वळले. अण्णांनी बोटं मोजली. "सत्तर वर्सं? येवढा येळ? आमच्याकडं फाट्यावरचा च्या बी गार होत न्हाई."

गुलामीचा विषय निघालाच म्हणून भाचा म्हणाला, की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच अर्पण केली आहे. अण्णांनी ते लगेच मोबाईलमध्ये टिपून घेतलं. भाषणाला उपयोगी. फुल्यांचं नाव ते प्रत्येक पक्षात घेतात. तेवढी एकच गोष्ट त्यांनी कधी बदललेली नाही, हे मान्य करायला हवं.

संधी ग्रामसभेत आली. महिला राखीव जागेमुळे वहिनी सरपंच आहेत, म्हणजे खुर्चीत अण्णा बसतात आणि सही वहिनी करतात. अलीकडं मात्र त्या सही करण्याआधी कागद वाचायला लागल्यात. अण्णांना वाटतं, चष्म्याचा नंबर बदलल्यामुळे. त्या दिवशी अण्णांनी फुले, लिंकन, न्यू जर्सी असं तासभर गाजवलं. ते पाणी प्यायला थांबले, तेवढ्यात वहिनींनी विधवा प्रथा बंदीचा ठराव वाचायला घेतला. कोल्हापूरकडच्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये केला तसाच. अण्णा दचकले. बायकोच्या कानाशी जाऊन म्हणाले, "हा कुनाच्या बाजूचा?"

"आत्याबाईंच्या," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या अण्णांच्या विधवा आत्याला हात उंच करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. 'क्रांतिकारी ठरावाचे शिल्पकार' म्हणून अण्णा पुरुषभर, कोपऱ्यात वहिनी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. वरच्या बाजूला, नेत्यांचे गोल फोटो असतात तिथं, चार पांढरे गोल रिकामे होते. छापणाऱ्यानं विचारलं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "असू दे तसंच. जिल्हा परिषदेची तिकिटं वाटून झाली की चिकटवू."