शनिवारचे बागाईतदार

शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास कल्याणहून मुरबाडकडे निघालेल्या गाड्यांमध्ये त्यांची गाडी चटकन ओळखू येते. मागच्या सीटवर माणसं नसतात, वीस लिटरचे तीन जार बसलेले असतात आणि तिघांनाही सीटबेल्ट लावलेले असतात. पुढे काकू, त्यांच्या मांडीवर मोगऱ्याचं रोप. डिकीतून शेणखताचा वास गोवेलीपर्यंत सोबत करतो. एसी बंद, कारण एसीतून एकदम उन्हात नेलं की रोपाला म्हणे शॉक बसतो. काकूंना काय बसतं याबद्दल काकांच्या वाचनात अजून काही आलेलं नाही.

हे शनिवारचे बागाईतदार. बँकेतून, रेल्वेतून नाहीतर एलआयसीतून निवृत्त झालेले, डोंबिवली-ठाणे-मुलुंडला राहणारे. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे आले तेव्हा मुलगा म्हणाला म्युच्युअल फंडात टाका, काकांनी ते मुरबाडच्या दहा गुंठ्यांत टाकले. ‘दहा गुंठे’ हे शब्द मात्र ते कधी उच्चारत नाहीत, ‘पाव एकर’ म्हणतात. हिशेब बरोबरच आहे, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतकरी असल्याचा पुरावा नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणून काकांचा तुकडा एनए. कागदावर बिनशेती, मनात बागाईत. राखणदार भाऊ त्यांना ‘शेठ’ म्हणतो. ‘शेठ म्हणू नकोस, मी शेतकरी आहे,’ असं काका दर शनिवारी बजावतात. ‘बरं शेठ,’ असं तो दर शनिवारी म्हणतो.

या जमातीत दोन घराणी आहेत. मुंबई-आग्रा महामार्गाने पडघा ओलांडून आसनगाव, आटगाव, खर्डीकडे जातात ते शहापूरवाले. कल्याण-नगर रस्त्याने सरळगाव, टोकावड्याकडे जातात ते मुरबाडवाले. दोन्ही घराण्यांत सोयरीक होते, पण उन्हाळ्यात बोलणं जपून होतं, कारण प्रश्न तापमानाचा असतो.

एप्रिल उजाडला की काकांच्या फार्महाउसवरचा थर्मामीटर कामाला लागतो. तो त्यांनी पत्र्याच्या शेडला, पश्चिमेच्या बाजूला खिळा ठोकून टांगला आहे. दुपारी तीन वाजता त्यात 49 दिसतात. त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जातो. खाली ओळ : ‘मुरबाड पेटलंय!’ पाच मिनिटांत शहापूरच्या काकांचं उत्तर येतं, ‘आमच्याकडे 50.’ मग मुरबाडचे काका बाहेर जाऊन थर्मामीटर जरा पत्र्याला चिकटवून येतात. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो. तो हवा मोजतो, पत्रा मोजत नाही. हे कोणी ग्रुपवर लिहिलं तर दोन्ही घराणी क्षणात एक होतात आणि सरकारी आकडे कसे दाबले जातात यावर बोलू लागतात. एकदा काकूंच्या अकोल्याच्या भावाने ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘दाजी, एवढ्यात आम्ही कूलरमध्ये पाणीबी टाकत नाही.’ त्यानंतर पंधरा दिवस मेहुण्याचा फोन काकूंनाच घ्यावा लागला.

पण थट्टा बाजूला ठेवू. ऊन खरंच आहे. मैदानी भागात 40 आणि किनाऱ्यालगत 37 अंश ओलांडून पारा सरासरीच्या साडेचार अंश वर गेला, की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. 2024 च्या एप्रिलात ठाणे जिल्ह्याला असा इशारा दोनदा मिळाला, महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा शेवटी. मुरबाड-शहापूरचं दुखणं असं, की नाव कोकणाचं आणि समुद्र लांब. खारा वारा कल्याणपर्यंत येता येता दमतो. उलट घाटमाथ्यावरून उतरणारा पूर्वेचा वारा खाली येताना आणखी तापतो आणि माळशेजच्या पायथ्याशी थेट अंगावर येतो. खाली काळा कातळ. दिवसभर तापलेला, रात्री अकरालाही अनवाणी पाय ठेववत नाही. काका हे सगळं हातवारे करून समजावतात तेव्हा भाऊ मान डोलावतो. वारा कुठून येतो हे त्याला माहीत आहे, कारण तो वाऱ्यातच राहतो.

आता त्या तीन जारांची गोष्ट. मुरबाड-अंबरनाथच्या हद्दीवर बारवी धरण आहे. त्याच्या पाण्याखाली मुरबाड तालुक्यातली गावं गेली. ते पाणी नदीतून उल्हासला मिळतं, जांभूळला एमआयडीसी ते उचलते, शुद्ध करते आणि डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागात काकांच्या नळाला सोडते. काका ते शुक्रवारी रात्री जारमध्ये भरतात आणि शनिवारी पहाटे स्वतःच्या पेट्रोलवर मुरबाडला परत आणून लिंबाच्या बुंध्याशी ओततात. शहापूरचे मुलुंडकर काका हेच भातसाच्या पाण्याचं करतात. त्यांचं पाणी पिसे बंधाऱ्यावरून उचललं जातं, पांजरापूरला गाळलं जातं, मुंबईला जातं आणि होंडा सिटीतून माहेरी येतं. 1892 साली इंग्रजांनी तानसा बांधलं तेव्हापासून शहापूरचं पाणी एकाच दिशेने चाललं आहे. सव्वाशे वर्षांत उलट्या दिशेने पाणी आणणारे हे दोघेच. त्यांचा सत्कार व्हायला हवा, आणि पेट्रोलचा खर्च काकूंना कळता कामा नये.

एवढं पाणी आणूनही झाडं माना टाकतात. दुपारी एक वाजता काका खिडकीतून बघतात, भोपळ्याची पानं छत्री मिटावी तशी मिटलेली. काका टोपी घालून धावतात, पाइप उचलतात, नळ सोडतात. काळा पाइप सकाळपासून उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं बादलीभर पाणी चहाला चालेल इतकं कढत. ते भोपळ्याच्या मुळाशी जातं. भोपळा मग संध्याकाळी उठत नाही.

‘शेठ, दुपारी झाड मान टाकतंच,’ भाऊ म्हणतो. ‘जेवल्यावर तुमी नाय टाकत? सकाळी बघायचं. सकाळी पन मान खाली असंल तर पानी द्यायचं.’

हे खरं कृषिविज्ञान आहे, फुकट मिळालं आहे आणि म्हणूनच काकांचा त्यावर विश्वास नाही. त्यांनी एका व्हिडिओत सलाईनच्या बाटल्यांचं ठिबक पाहिलं. ओळखीच्या डॉक्टरांकडून रिकाम्या बाटल्या जमवल्या, काठ्या रोवल्या आणि प्रत्येक रोपाच्या उशाशी एकेक बाटली उलटी टांगली. तेव्हापासून बागेचा जनरल वॉर्ड झाला आहे. हापूसची चार झाडं कोपऱ्यात पडदा लावून, म्हणजे सेमी-प्रायव्हेट. काका संध्याकाळी पाठीमागे हात बांधून राउंडला निघतात, थेंबाची गती बोटाने कमी-जास्त करतात आणि पेरूपाशी थांबून विचारतात, ‘काय, आज कसं वाटतंय?’ रस्त्याने जाणारी पाड्यावरची म्हातारी कुंपणाशी थांबून हळहळली होती. तिला वाटलं शेठच्या घरात कोणी आजारी आहे.

अतिदक्षता विभागात एकच रुग्ण : सफरचंद. कमी थंडीत येणारी हरमन-99 नावाची जात हिमाचलातून निघाली. आणखी कुठे कुठे लागली असेल ती असो, काकांनी ती मुरबाडला लावली. जानेवारीत, पौषातल्या म्हशाच्या जत्रेत त्यांनी तिच्यासाठी घोंगडी घेतली होती. बैलबाजारात घोंगडी विकणाऱ्याने विचारलं, ‘किती उंच माणूस?’ काका म्हणाले, ‘सव्वाचार फूट, पण वाढतंय.’ एप्रिलात तीच घोंगडी भिजवून झाडाभोवती गुंडाळली जाते, वर कोळणीची असते तेवढी मोठी छत्री आणि बुंध्याशी थर्मोकोलच्या खोक्यातून आणलेला बर्फ. बर्फ बघायला वाडीतली पोरं येतात. काका पाठमोरे झाले, की बर्फ सफरचंदाच्या मुळाशी राहत नाही. पोरांना सफरचंद माहीत आहे, बर्फाचा गोळा जास्त माहीत आहे.

सगळंच काही खुळचटपणाचं नाही, हेही सांगितलं पाहिजे. मडक्याला बुडाशी भोक पाडून, त्यात चिंधीची वात घालून, मडकं गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं ही काकांची युक्ती जुनी आणि चोख आहे. पाणी आतून झिरपतं, ऊन त्याला गाठू शकत नाही. हापूसच्या बुंध्याला चुना-मोरचुदाची बोर्डो पेस्ट लावणं तर शास्त्राला धरून आहे. फक्त काकांना हात आवरत नाही. झाडं झाली, मग फाटकाचे खांब, विहिरीचा कठडा, शेवटी भाऊच्या कोंबड्यांचं खुराडं. कोंबड्या दोन दिवस आत गेल्या नाहीत.

आच्छादनाचं प्रकरण मात्र मनाला लागलं. जमिनीवर पालापाचोळा पसरला की ओल टिकते, आणि खालून येणारी धग अडते म्हणून हापूसमध्ये साकाही कमी धरतो. काकांनी हे वाचलं आणि फेब्रुवारीपासून ऐन-सागाची पानं झाडूने गोळा केली. कंबरेएवढा ढीग झाला. काकूंच्या मदतीने तो हापूसखाली अंथरून, पाणी शिंपडून, फोटो काढून ते डोंबिवलीला गेले. पुढच्या शनिवारी हापूसखालची जमीन स्वच्छ झाडलेली.

‘अरे, माझं आच्छादन?’

‘राबाला नेलं शेठ. मस्त भाजला राब.’

इथल्या माणसाच्या दृष्टीने वैशाखात जमिनीवर पडलेल्या पानांचा एकच धर्म : भाताचं रोप जिथे करायचं तिथे शेण-पाला पसरायचा, वर माती टाकायची आणि पेटवायचं. राब भाजला नाही तर रोप तणात जातं. काकांच्या आच्छादनाची राख शेजारच्या वावरात काळीभोर पडली होती. भाऊने उलट जागा स्वच्छ केल्याची बक्षिसी मागितली. दिलीही काकांनी, बघा. असे हे लोक.

हिरव्या शेडनेटचं लिहीत नाही. ती एका संध्याकाळच्या वावटळीने उचलली आणि शेजारच्या फार्महाउसच्या तरणतलावात नेऊन टाकली, एवढं पुरे. तरणतलावाबद्दल मात्र लिहितो. ते फार्महाउस भाड्याने जातं. शुक्रवारी दुपारी एक टँकर येतो आणि त्यात रिकामा होतो, मग रात्रभर गाणी. त्याच रस्त्यावर दोन किलोमीटर पुढच्या पाड्यावर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. मुंबईला पाणी पाजणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या गावांसाठी पार इगतपुरीतल्या भावली धरणाची योजना आखावी लागली. काका या विषयावर चिडतात तेव्हा अजिबात विनोदी दिसत नाहीत. चिडून ते तरणतलाववाल्याला इंग्रजीत पत्र लिहितात. ते देत नाहीत, पण लिहितात.

काका प्रत्येक जारवर मार्करने नाव लिहितात : ‘लिंबू’, ‘हापूस’, ‘सफरचंद’. एका शनिवारी भाऊची बायको आली, ‘लिंबू’ जार कमरेवर घेतला आणि निघाली. काका मागे धावले.

‘वहिनी, तो लिंबाचा आहे!’

‘लिंबाला आमच्या भांड्यांचं धुणवणी घालते मी. ह्ये पानी पोरं पितील.’

काका थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘धुणवणी साबणाचं नको, राखेने घासलेलं असेल तर चालेल.’ सवय जात नाही. पुढच्या शनिवारी मागच्या सीटवर तीनऐवजी चार जार होते आणि चौथ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. काकूंचा मोगरा त्या दिवशी काकूंच्या पायाशी बसला. लिंबू, सांगायला हरकत नाही, धुणवण्यावर जोरात आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सफरचंद गेलं. काकांनी घोंगडी सोडली, आत काडी होती. त्या रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की हा तुकडा विकायचा, आता वय राहिलं नाही. काकूंनी आमटी वाढता वाढता एजंटला फोन लावला. इतक्या तत्परतेने त्यांनी संसारात दुसरं काही केलं नसेल.

रविवारी एजंट बदलापूरचं एक गिऱ्हाईक घेऊन आला. चाळिशीचा आयटीतला मुलगा, डोळ्यांवर गॉगल. काकांनी त्याला फाटकापासून आत घेतलं. मडकं उकरून वात दाखवली. सलाईनची गती कशी धरायची ते शिकवलं. काळा पाइप सावलीत गुंडाळून ठेवायचा, दुपारी झाडाने मान टाकली तर घाबरायचं नाही, सकाळी बघायचं, हे असं काही सांगितलं की जणू ते त्यांना जन्मापासून माहीत होतं. भाऊ मागे उभा राहून तंबाखू मळत होता. दीड तास झाला. किमतीचा विषय निघाला नाही. मुलाने शेवटी विचारलं, ‘अंकल, इथे स्विमिंग पूल बसेल का?’

काकांनी त्याला पाणी विचारलं, फाटकापर्यंत पोचवलं, फाटक लावलं आणि कडी घातली.

‘ओ काका, पार्टी पक्की होती!’ एजंट कपाळाला हात लावून म्हणाला.

‘ते राहू दे,’ काका म्हणाले. ‘पलीकडचे तीन गुंठे कोणाचे आहेत रे? ॲव्होकॅडोला जागा लागते.’