हरणांचं वावर

ती. बाबांस,


परवा तुम्ही माळ्यावरून फोन केलात आणि बोलता बोलता ज्वारीत शिरलेल्या काळविटांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात, तो इकडे स्पीकरवर दोन्ही नातवंडांनी मन लावून ऐकला. धाकटीने नवे शब्द पाठही केलेत. पण बाबा, आज जे लिहितेय ते बसून वाचा. इथे विस्कॉन्सिनात लोक हरणांनी येऊन खावं म्हणून शेत पेरतात!

आमच्या शेजारच्या आजोबांनी रानाच्या कडेला दहा गुंठे काढलेत. आधी माती विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवली. सामू साडेपाचाच्या आसपास निघाला. क्लोव्हरच्या घासाला तो साडेसहाच्या जवळ लागतो म्हणून पोत्यांनी चुना टाकला. (आपल्या वरच्या वावराची माती शेवटची कधी तपासली होती? उत्तर नको.) जुलैअखेर सलगम आणि मुळा पेरला, ऑगस्ट संपताना ओट आणि राय. मुळा म्हणजे आपला पांढरा, हातभर लांबीचा मुळा. थालीपिठात घालायला दोन मागावेत असं फार मनात आलं, पण पाहुण्यांच्या ताटातलं कसं उचलणार? दहिवर जमून गोठलं की सलगमाची पानं गोड होतात, मग हरणं तुटून पडतात, असं आजोबा सांगतात. कधी कधी मात्र पहिली एक-दोन वर्षं ती या पाल्याला तोंडही लावत नाहीत. चव माहीत नसते ना. म्हणजे खर्च करून पेरायचं आणि पाहुण्याने नाक मुरडायचं.

खरी गंमत पुढेच आहे. एवढंसं शेत, त्यात कोंब कोवळे. हरणांनी ते वितीएवढं व्हायच्या आत साफ केलं तर शिकारीच्या दिवसांत त्यांना इथे ओढून आणायला उरणार काय? म्हणून आजोबांनी त्याला विजेच्या तारेचं कुंपण घातलं. हरणांसाठी पेरलेलं शेत हरणांपासून राखायला! तोवर ती हरणं आमच्या परसात जेवत होती. माझी चवळी गेली, टोमॅटोचे शेंडे गेले. तुमचा एक सुरेख शब्द मीही वापरला.

कायदाही ऐका. आमच्या काउंटीत मक्याचे दाणे ओतून ढीग केला तर गुन्हा, आणि तोच मका पेरून उभा ठेवला तर शेती. २००२ साली इथल्या रानातल्या हरणांत मेंदूचा एक असाध्य रोग सापडला. एकाच ढिगात दहा तोंडं घातली की तो पसरायला सोपं, म्हणून ही बंदी. शिकार झाली की हरणाचं डोकंही तपासणीला देतात.

तुमच्या जावयांना यात फार रस. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरातच सुरू होतो, तेव्हा आजोबांनी त्यांना नुसतं बघायला म्हणून आपल्या माळ्यावर बोलावलं. हो, इथेही माळाच, झाडाला टेकवलेला. तुम्ही डबा बडवायला चढता, हे श्वास रोखून बसायला चढतात. वारा हरणांकडून आपल्याकडे वाहता हवा, कपडे बिनवासाच्या साबणात धुतलेले हवेत. आणि आमचे हे स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचं जाकीट घालून गेले. त्या दिवशी मी आमटीला हिंग-लसणाची फोडणी दिली होती. आजोबांनी दोनदा हुंगलं आणि जाकीट खाली काढून ठेवायला लावलं. थंडीत स्वेटरवर कुडकुडत बसले. हरीण आलं नाही ते नाहीच. आजोबा भले, दोष वाऱ्याला दिला.

आता थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम. सगळे भडक नारिंगी कपड्यांत. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. तेवढे दिवस मुलांनी रानाकडे जायचं नाही, असं बजावून ठेवलंय. आम्ही मांस खात नाही हे आजोबांना ठाऊक आहे, तरी शिंगं द्यायचं त्यांनी मोठ्याला कबूल केलंय. या हरणांची शिंगं काळविटासारखी जन्मभराची नसतात, दर हिवाळ्यात गळतात आणि नवी फुटतात. एखादी जोडी रानात आपोआप पडलेली सापडली तर मला जास्त आवडेल.

रविवारी व्हिडिओ कॉल करतेय, आजोबा शेजारी बसतील. आपल्याकडची हरणं सगळ्यांत आवडीनं काय खातात, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय. ज्वारी-हरभऱ्याचं सविस्तर सांगा, गोफणीचं जरा बेतानं. आणि धाकटी ऐकत असेल, एवढं लक्षात ठेवा.

आईला नमस्कार.

तुमची,
ताई